गाडीला आलेल्या हिरड्या

"विकायचं म्हणजे विकायचं!" बापूंनी चहाचा कप बशीत आपटला. "आज. सगळं. एकही वस्तू ठेवायची नाही."

बायको उशांचे अभ्रे बदलत होती. तिने वर पाहिलेसुद्धा नाही. हा निर्धार तिच्या चांगल्या ओळखीचा होता. बापू अधूनमधून तो करत, तावातावाने मागच्या खोलीत जात, वस्तू बाहेर काढण्याआधी जरा पुसून घ्याव्यात म्हणून फडके हातात घेत, आणि पुसता पुसता निर्धार उतरत जाई. वस्तू तेवढ्या लखलखीत होऊन पुन्हा फळीवर चढत.

मागच्या खोलीत एका फार जुन्या मोटारीचे दागिने होते. पितळी कडांचे, कलिंगडाएवढे दोन हेडलाइट. रबरी फुग्याचा वळणदार भोंगा. बॉनेटवर मिरवायचा पितळी कोंबडा, चाकांच्या झाकण्या, डॅशबोर्डवरचे घड्याळ आणि मागे बांधायची पत्र्याची ट्रंक. बापूंच्या मामांचे गॅरेज होते. एक मालक आपली मोडकी गाडी तिथे दुरुस्तीला सोडून गेला, तो परत फिरकलाच नाही. गाडीचा सांगाडा भंगारात गेला, पण हा साज मामांनी उतरवून ठेवला आणि म्हातारपणी भाच्याच्या हवाली केला. "अशा गाड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. जपून ठेव," एवढेच ते म्हणाले. बापूंनी इतके जपले की खोलीत माणसाला उभे राहायला जागा उरली नाही.

पण आजचा निर्धार वेगळा होता, कारण त्यामागे ताई होत्या.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. जिन्यावरून घसरून त्यांचा पाय मोडला होता आणि आज संध्याकाळी त्यांना हॉस्पिटलमधून सोडणार होते. त्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली. तेव्हा ताईंनी आता इकडेच यायचे आणि मागची खोली त्यांना द्यायची, हे बायकोने तोंड उघडायच्या आत बापूंनी ठरवले होते. बापू कवळ्या करणारे. धंदा सुरू केला तेव्हा गाळा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ताईंनी आपल्या एवढ्याशा स्वयंपाकघरातला अर्धा ओटा त्यांना दिला होता. वर्षभर ताईंच्या दुधाच्या पातेल्याशेजारी कोणा ना कोणाची कवळी शिजत असे. एकदा पाहुण्यांसमोर ताईंनी भलत्याच पातेल्यावरचे झाकण उचलले होते, पण तरी ओटा काढून घेतला नाही. त्या तेव्हा त्यांना 'जावईबापू' म्हणत. पुढे त्यातला जावई गळाला आणि बापू उरले.

गिऱ्हाईकही तयार होते. एका बेकरीच्या मालकाकडे नेमकी तीच गाडी होती, फक्त बोडकी.

"दिवे टेबलावर ठेवून काढलेले फोटो मला ढिगाने येतात," बेकरीवाला फोनवर म्हणाला. "टेबलावर सगळेच छान दिसतात हो. मागे एकाकडून घेतले, तर लावल्यावर एक बघतोय आभाळाकडे आणि दुसरा गटाराकडे. तुम्ही गाडीवर लावून दाखवा. नजर सरळ असली की मी घेतले."

"पण गाडी तर तुमच्याकडे आहे."

"ती रंगाला गेलीय. कुठल्याही गाडीवर दाखवा. मी गाडी थोडीच घेतोय?"

बापूंना हे तंतोतंत पटले. कवळीसुद्धा वाटीत बघून पसंत करायची नसते, तोंडात बघायची असते.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक छोटी पांढरी, प्लास्टिकच्या बंपरची. दिव्यांना मागून जाडजूड दांडी होती, पण बंपरला ना भोक ना पट्टी. तारेने बांधले, तर दिव्यांनी मान टाकली. दोरीने आवळले, तर ते एकमेकांकडे बघू लागले. शेवटी बापूंना आपल्या कपाटाची आठवण झाली. तिथे हिरड्यांचे गुलाबी मटेरियल पडून होते. पावडरीत लिक्विड कालवायचे, हवा तसा आकार द्यायचा, थोड्या वेळात दगड. नंतर अलगद सुटावे म्हणून आधी खाली व्हॅसलीन फासायचे, की झाले. बापूंनी व्हॅसलीनची डबी बॉनेटवर ठेवली, गुलाबी गोळा मळला, आणि खिडकीतून हाक आली.

"अहो! हॉस्पिटलचा फोन! संध्याकाळी नाही, आत्ताच सोडतायत. बेड दुसऱ्याला द्यायचाय म्हणे. निघा!"

"आलो, आलो!"

गोळा हातातच घट्ट होऊ लागला होता. बापूंनी तो घाईघाईने बंपरवर, जाळीत, दांडीभोवती दाबला, दिवे सरळ धरले, अंगठ्याने कडा वळवल्या. हात सवयीचा. बघता बघता दोन्ही दिव्यांखाली गुटगुटीत, निरोगी हिरड्या तयार झाल्या. भोंगा पट्ट्याने आरशाला बांधून त्यांनी फोटो काढला आणि धाडून दिला.

उत्तर लगेच आले. "नजर अगदी सरळ! घेतले. आजच बेकरीवर आणा. ते गुलाबी काय आहे?"

बापूंनी दिवा धरून ओढला. दिवा हलला नाही. त्यांनी एक पाय भिंतीला लावून ओढला. गाडी हलली. मग त्यांची नजर बॉनेटवर गेली. व्हॅसलीनच्या डबीचे झाकणसुद्धा उघडलेले नव्हते.

आपण बसवलेले कधी सुटत नाही, असे बापू धंद्यात छातीठोकपणे सांगत आले होते. त्यात खोटे काही नव्हते.

बायको पर्स घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली.

"हे काय?"

"तात्पुरतं आहे."

"अहो, गाडीला हिरड्या फुटल्यात!"

"बस तू. ताई वाट बघतायत."

हॉस्पिटलच्या फाटकावर रखवालदाराने गाडी पाहिली, कोणीतरी बडी असामी असावी असे समजून सलाम ठोकला आणि मोठ्या डॉक्टरांसाठी राखून ठेवलेल्या पोर्चमध्ये वाट करून दिली. चाकांच्या खुर्चीतून ताई आल्या. मांडीपर्यंत प्लास्टर, हातात औषधांची पिशवी. गाडी बघून त्या इतक्या हसल्या की खुर्ची ढकलणाऱ्याला ब्रेक लावावा लागला.

"बापू, माझ्यासाठी एवढा थाट? बँड कुठाय?"

"बँड नाही, भोंगा आहे."

दोन धडधाकट माणसांनी पुढची सीट शेवटपर्यंत मागे सारून ताईंना घामाघूम होत आत बसवले. "आता घरी पोचेपर्यंत यांना हलवू नका हं," त्यांनी बजावले. ताईंनी खिडकीतून हात बाहेर काढून रबरी फुगा दाबला. भोंऽऽप! वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांत नर्सेस जमा झाल्या.

रस्ताभर ताईंचा हात त्या फुग्यावरून निघाला नाही. रिकाम्या रस्त्यावरही त्या भोंगा वाजवत होत्या. लोक थांबून बघत, हात हलवत. हॉस्पिटलमध्ये सुकलेला ताईंचा चेहरा उजळला होता.

"घरी आणल्यापासून पहिल्यांदा वाजला असेल नाही हा?" त्या म्हणाल्या. "बरं केलंत बापू, बाहेर काढलंत. आता रोज न्यायची अशी गाडी."

"रोज कुठली?" मागून बायको बोलून गेली. "वाटेत बेकरीवर थांबून हे देऊनच टाकायचंय, बाकीचं उद्या. खोली मोकळी करायचीय ना तुझ्यासाठी."

भोंगा थांबला.

"म्हणजे माझ्यामुळे विकताय?"

"तसं नाही, ताई—" बापू म्हणाले.

"तसंच आहे. मग मला माझ्या घरी सोडा."

"तीन मजले चढणार कशी तू?" बायको म्हणाली.

"बसून बसून चढेन. उलटी चढेन. पण कोणाचं काही विकून त्याच्या जागी मी झोपणार नाही. बापू, वळवा गाडी."

"वळणार नाही," बापू म्हणाले. ताईंना 'नाही' म्हणण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. त्या धक्क्याने त्यांच्याकडून सिग्नल तुटला.

ट्रॅफिक पोलीस शिट्टी वाजवत आला. गाडीपुढे उभा राहून त्याने दिव्यांकडे पाहिले, भोंग्याकडे पाहिले आणि शेवटी वाकून बंपरकडे बराच वेळ पाहिले.

"हे गुलाबी काय आहे?"

"हिरड्या," बापू म्हणाले. खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती.

"कशाच्या?"

"कवळीच्या. मी कवळ्या करतो."

"गाडीला?"

"नाही हो, माणसांना. गाडीला आजच केली."

पोलिसाने टोपी काढून कपाळ पुसले. "काका, सिग्नलचा दंड भरा आणि आजच्या आज हे काढा. उद्या ही गाडी अशी दिसली तर ठेवून घेईन."

बेकरीसमोर बेकरीवाला रस्त्यातच उभा होता. गाडी थांबताच तो दिव्यांपुढे गुडघ्यांवर बसला आणि पितळेवरून बोट फिरवत पुटपुटला, "हेच. अगदी हेच." त्याची जुनी गाडी रंगवणारा मिस्त्री त्याने आधीच बोलावून ठेवला होता. मिस्त्रीने हिरड्या ठोकून पाहिल्या.

"दिवे वाचवायचे तर बंपर कापायला लागेल. बंपर वाचवायचा तर हे फोडायला लागेल. मग दिव्यावर चरा पडला तर मला बोलायचं नाही."

"चरा पडलेले दिवे मी घेणार नाही," बेकरीवाला ठामपणे म्हणाला.

"मग बंपर कापा," बापू त्याहून ठामपणे म्हणाले.

"कापा," बायको म्हणाली. "बंपर काय, नवा मिळतो."

मिस्त्रीने कटरची वायर सोडली. तोच भोंगा कडाडला.

"मी आत बसलेय!" ताई ओरडल्या. "कापायचं तर माझ्यासकट कापा!"

"ताई, जरा उतर की," बायको म्हणाली.

"कशी उतरू? मला हलवायचं नाही, असं हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलंय. तुझ्यासमोर सांगितलंय."

हे खरेच होते. पाव घ्यायला आलेली माणसे थांबली. पाहता पाहता गाडीभोवती कडे झाले. मूळ भांडण कोणालाच ठाऊक नव्हते, पण प्लास्टरमधल्या म्हातारीवर अन्याय होतोय यावर सगळ्यांचे एकमत होते. मिस्त्रीने कटर उचलला की ताई भोंगा दाबत आणि गर्दी "ए, ए!" करून ओरडे. बेकरीवाल्याने स्वतः चहा-बिस्किटे नेऊन दिली. ताईंनी ती खाल्ली, चांगली खुसखुशीत आहेत असे सांगितले आणि पुन्हा हात फुग्यावर ठेवला.

शेवटी बापू खिडकीशी येऊन उभे राहिले.

"ताई, तुमच्या ओट्यावर मी कवळ्या करायचो, तेव्हा तुमची भांडी कुठे असायची?"

"त्याचं आता काय?"

"सांगा ना."

"खाटेखाली," ताई म्हणाल्या. "काही गॅलरीत."

"मी एकदा तरी म्हणालो का, माझ्यामुळे तुमची भांडी खाटेखाली जातायत, मी येणार नाही? रोज सकाळी निमूट यायचो आणि कामाला लागायचो. कारण तुम्ही मनापासून दिलं होतंत. मीही मनापासून देतोय." बापूंनी भोंग्याकडे पाहिले. "आणि खरं सांगायचं तर मी कंटाळलोय, ताई. या वस्तू पुसायच्या आणि परत अंधारात ठेवायच्या. आज तुम्ही भोंगा वाजवलात, तेव्हा कळलं मला. हे वाजायला हवं. माझ्याकडे कुठलं वाजणार?"

 ताईंनी फुग्यावरचा हात काढला आणि बेकरीवाल्याकडे बोट रोखले.

"तुम्ही वाजवाल का रोज?"

"दुकान उघडताना वाजवीन, काकी. शब्द देतो."

"मग घ्या. पण कापाकापी नको. बापू, तुम्ही चिकटवलंत, तुम्हीच सोडवा. एवढ्या वर्षांत कोणाच्या तोंडातली कवळी कटर लावून काढली होतीत का?"

बापूंनी कपाळावर हात मारून घेतला. उकळते पाणी! हे मटेरियल गरम झाले की नरम पडते, हे ते शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगत. बेकरीत आधणाला तोटा नव्हता. हिरड्यांना पोत्याची फडकी गुंडाळली, दिव्यांना कोरडे टॉवेल. मिस्त्रीने किटल्यांनी पाणी ओतायला सुरुवात केली.

"काच! काच सांभाळा!" बेकरीवाला डोळे मिटून ओरडत होता.

वाफेच्या ढगात बापूंनी हात घातले, चटके सोसत अंगठ्यांनी कड उचलली, आणि एक दिवा पच्च असा आवाज करून सुटला. पाठोपाठ दुसरा. दोन्ही निष्कलंक. गर्दीने टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्याने डोळे उघडले आणि एक दिवा बाळासारखा कुशीत घेतला.

वाफ विरली तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. बंपरही प्लास्टिकचाच होता. तोही नरम पडला होता. दोन्ही बाजूंनी खाली लोंबून मध्ये आत गेला होता, नुकतीच कवळी काढून ठेवलेल्या आजोबांसारखा.

"नवा मिळतो," बायको तोंडावर पदर धरून म्हणाली. ती हसत होती की काय, ते बापूंना कळले नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरीचा टेंपो येऊन ट्रंक, कोंबडा, झाकण्या, सगळे घेऊन गेला. बापूंनी एकही वस्तू पुसली नाही. रिकाम्या खोलीत ताईंची खाट लागली. उन्हे आत आली. बायकोने पडदा लावला आणि दारात उभी राहून समाधानाने म्हणाली, "किती वर्षांनी या घरात मोकळं वाटतंय."

"माझे चार कपडे आणि एक खुर्ची आणायला लागेल हं घरून," ताई म्हणाल्या. "शेजाऱ्यांना सांगितलंय, ते पाठवतील."

शेजाऱ्यांनी पाठवले. कपड्यांची पिशवी एका माणसाने आणली. खुर्ची आणायला चार जण लागले. ती होती साइडकार. मोटारसायकलच्या बाजूला जोडतात ती, होडीसारखी, एकचाकी, आत लाल गादी आणि पुढे वाऱ्याची काच. खाटेमुळे ती मागच्या खोलीत मावेना, म्हणून हॉलच्या मधोमध ठेवली.

"ह्यांच्या मोटारसायकलची," ताई खाटेवरून सांगू लागल्या. "गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याला ही नको होती. मला तर ती द्यायचीच नव्हती. संध्याकाळी बसायचे मी तिच्यात. पण बापू, तुम्ही मोकळे झालात ना, मग मीही होते. विचारा तुमच्या त्या बेकरीवाल्याला."

"ताबडतोब विचारा," बायको म्हणाली. तिला हॉलमधून स्वयंपाकघरात जायला आता प्रदक्षिणा घालावी लागत होती. बापूंनी फोन केला. बेकरीवाला म्हणाला, रविवारी येतो.

तो आला तेव्हा ताई तयारच होत्या. खाटेवर उशीला टेकून, मन घट्ट करून बसल्या होत्या. "हॉलमध्ये आहे. बघा आणि घेऊन जा. मला दाखवायला आणू नका," त्या म्हणाल्या.

बापू त्याला हॉलमध्ये घेऊन आले. साइडकारमध्ये बायको बसली होती. पाय सरळ पुढे पसरलेले, पाठ लाल गादीला टेकलेली, वाऱ्याच्या काचेला वर्तमानपत्र अडकवलेले.

"काकी, जरा उठता का?" बेकरीवाला म्हणाला. "गाडी बघायची होती."

"बघा की. मी काही पांघरूण घातलेलं नाही."

"नाही, म्हणजे खालची स्प्रिंग..."

"उत्तम आहे. तीन दिवस बसतेय मी."

"अगं, आपलं ठरलंय ना?" बापूंनी हळूच विचारले.

"तुमचं ठरलंय, ताईचं ठरलंय," बायकोने पान उलटले. "आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ताठ स्टुलावर बसले. घरी आले की टेकले नाही तोवर कोणीतरी उठवायचं. हिच्यात बसलेल्या माणसाला कोणी उठवू शकत नाही. हात धरायलाच जागा नाही. ही मी विकणार नाही."

आतल्या खोलीतून ताईंचा हसण्याचा आवाज आला, आणि बराच वेळ येत राहिला.

बेकरीवाल्याने खिशातून काढलेली मोजपट्टी पुन्हा खिशात घातली. दारावरची बेल वाजली. बायकोने मान वळवली नाही.

"अहो, बघा कोण आहे," ती म्हणाली. "आणि येता येता पाहुण्यांना चहा टाका."

बापू क्षणभर उभे राहिले. मग बाह्या वर सारून निर्धाराने दाराकडे निघाले.